शिवणीच्या झाडावरचे मचाण

मनोरीत मचाण नाही. इथे बांबू उभे राहतात ते बोंबील वाळवायला, आणि रात्री कुणी जागला तर भरतीच्या वेळेसाठी. मचाण बांधून हरणाची वाट बघावी असे रान खाडीच्या या अंगाला नाही. तरीही मचाणाचे कूळ शोधायला निघालेल्या माणसाला मनोरी मोठी सोयीची जागा आहे. मार्व्याच्या बोटीने खाडी ओलांडली की पूर्वेला कान्हेरीचा डोंगर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे रान. त्यात चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, आणि या तिघांवर पोट असलेला बिबट्याही आहे. उत्तरेला गोराई, उत्तन, मग वसईची खाडी आणि खाडीपलीकडे सोपारा. मचाणाच्या कथेतले दोन मोठे धागे याच दोन दिशांना सापडतात. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. मचाणाची दोन्ही विचारली तर कुणाचे काही बिघडत नाही.

सुरुवात मात्र त्याहून जुन्या झाडाखाली करावी लागते. हरणासाठी झाडावर बांधलेल्या मचाणाची एक फार जुनी आणि बारकाव्यांनिशी सांगितलेली हकिगत पाली जातकांत आहे. कुरुंगमिग जातक, क्रमांक 21. (याच नावाचे 206 क्रमांकाचे दुसरे जातक आहे. त्यात सुतारपक्षी आणि कासव येतात, ते वेगळे.) दुर्गा भागवतांच्या 'सिद्धार्थ जातका'मुळे ही सगळी दुनिया मराठीत आली आहे, तेव्हा मूळ कथा वाचायला पालीची अडचण नाही. कथेतला शिकारी गावात राहतो आणि त्याचा धंदाच मचाणावरून शिकार करण्याचा आहे. पालीत मचाणाला 'अट्टक' म्हटले आहे. तो आधी रानात फिरून फळलेली झाडे बघतो. ज्या झाडाखाली हरणांची पावले उमटलेली दिसतील त्या झाडावर मचाण बांधतो, सकाळी लवकर जेवून, भाला घेऊन वर जाऊन बसतो आणि फळे खायला आलेल्या हरणाला वरून भाला मारतो. मिळालेले मांस विकून त्याचा संसार चालतो.

एकदा एका सेपण्णीच्या झाडाखाली त्याला पावले दिसली. सेपण्णी म्हणजे संस्कृतातली श्रीपर्णी, आपली शिवण. उन्हाळ्यात तिची पिवळी फळे पिकून खाली पडतात आणि हरणे ती आवडीने खातात. ज्याने ही कथा रचली त्याने रान पाहिले होते यात शंका नाही. या झाडाकडे नेहमी येणारे हरीण म्हणजे खुद्द बोधिसत्त्व, पूर्वजन्मीचा बुद्ध. ते आले, पण एकदम झाडाखाली गेले नाही. हे शिकारी कधी कधी झाडावर मचाण बांधतात हे त्याला ठाऊक होते, म्हणून ते लांबच उभे राहून अंदाज घेत राहिले. शिकाऱ्याला धीर निघेना. त्याने वरून फळे फेकली, ती हरणाच्या पुढ्यात येऊन पडली. हरणाने मान वर केली, माणूस पाहिला आणि न पाहिल्यासारखे करून झाडालाच ऐकवले: बाबा रे, तुझी फळे आजवर सरळ खाली पडत, आज तू झाडाचा धर्म सोडलास, तर मीही दुसरे झाड बघतो. शिकाऱ्याने चिडून भाला फेकला. तो चुकला. शिकारी म्हणजे अर्थातच बुद्धाचा वैरी देवदत्त.

या छोट्या गोष्टीत मचाणाची सगळी विद्या आली आहे. आधी पावले, मग मचाण. ऋतू असा निवडायचा की जनावराला त्या एका जागी यावेच लागेल. जनावराच्या आधी वर जाऊन बसायचे. आणि बसल्यावर काहीही करायचे नाही. पुढच्या दीड हजार वर्षांत शिकारीवर जी पुस्तके झाली त्यांनी यात बंदुकीखेरीज फारशी भर घातलेली नाही. जातकांतला गद्य भाग आज आहे त्या रूपात साधारण पाचव्या शतकात सिद्ध झाला असे मानतात, गाथा त्याहून जुन्या. तोवर मचाणावरून शिकार करणे हा खेडेगावात राहणाऱ्या माणसाचा ओळखता येण्याजोगा धंदा झाला होता, हे महत्त्वाचे.

आता सोपारा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरत होते. त्याच सुमारास गावाजवळ त्यांना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुटका दगड मिळाला. तो आठव्या लेखाचा तुकडा निघाला. आज तो मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. (बुरूड म्हणजे बांबूकाम करणारा. मचाणाच्या कथेत त्याचा कोट आडवा यावा हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.) आठव्या लेखाचा विषय काय, तर पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत शिकार आणि तसल्याच करमणुकी असत, अशोकाने मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाचे दर्शन घेतले आणि तिथून पुढे धर्मयात्रा सुरू केल्या. अशोकाचे चौदा मुख्य शिलालेख आहेत. इतर ठिकाणी ते संचाने मिळतात. सोपाऱ्याला पहिल्यांदा हाती लागला तो नेमका शिकार सोडल्याचा. नवव्या लेखाचा तुकडा नंतर, 1956 साली, जवळच्या भुईगावला मिळाला.

राजाने शिकार सोडली तरी प्रजेची राखण सुटत नाही. माझ्या मते मचाणाचा खरा जनक शिकारी नव्हेच, शेतकरी. ज्याला ज्वारी, भात, ऊस पिकवायचा त्याला रानाच्या कडेला उंचावर बसणे भाग होते. महाराष्ट्राच्या मातीतला सगळ्यात जुना काव्यसंग्रह म्हणजे हालाची गाथासप्तशती. तिच्यात शेत राखणाऱ्या पोरी आहेत, व्याध आहेत, हरणांच्या जोड्या आहेत. शेत आणि रान तिथे एकमेकांना चिकटून नांदतात. कालिदासाच्या रघुवंशातही चौथ्या सर्गात भात राखणाऱ्या बायका उसाच्या सावलीत बसून राजाचे गुण गातात. दिवसा पाखरांना गोफण पुरते. रात्री येणारा डुक्कर, सांबर किंवा रोही गोफणीला भीक घालत नाही. त्याच्यासाठी डबा बडवायचा, आरोळ्या ठोकायच्या, शेकोटी पेटती ठेवायची. विदर्भात याला जागलीला जाणे म्हणतात. चार मेढी, आडव्या बल्ल्या, वर तुराट्या किंवा पेंढा, आणि डोक्यावर जमलेच तर छप्पर, एवढा त्याचा माळा. रोज रात्री पीक खायला येणारे जनावर खाली आणि जागा माणूस वर, असे एकदा जमून आल्यावर त्या माणसाच्या हातात भाला, तिरकमठा किंवा बंदूक यायला कितीसा वेळ लागणार? 1886 साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही मचाणाचे हे दोन उपयोग शेजारी-शेजारी दिले आहेत, वाघावर बसणे आणि शेत राखणे. आपल्याकडे शेतातला माळा शहरात येऊन चाळीचा दुसरा-तिसरा माळा झाला. मुंबईकर रोज त्यावर चढतो-उतरतो आणि त्याला गोफण आठवत नाही.

राजांच्या शिकारीत मचाणाला मानाची जागा नव्हती. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात मृगयेचा स्वतंत्र 'विनोद', म्हणजे करमणुकीचे प्रकरण, आहे, पण राजाला घोडा, कुत्रे, ससाणे यांचा डौल हवा असतो. मोगल बादशहा मैलोगणती रान माणसांनी वेढून जनावर आत कोंडत. साताऱ्याच्या शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता. वाघापासून त्यांचा जीव वाचवणाऱ्या कुत्र्याची म्हणून सांगितली जाणारी समाधी संगम माहुलीला आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या दरबारात काळवीट पकडायला चित्ते पाळलेले होते. या सगळ्यात धावणे आहे, माणसांसमोर मिरवणे आहे. मचाणावर राजा एकटा, घामाघूम, डास मारायचीही बंदी. त्यात कसली शान?

ती शान साहेबाने आणली, आणि आणताना मचाणाचा स्वभाव बदलला. मागून काडतूस भरायची रायफल आणि रेल्वे या दोन गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य हिंदुस्थानात पोचल्या. आता आठवडाभराच्या रजेत साहेब शिकार करून परत कचेरीत येऊ शकत होता. त्याला पावले शोधत बसायला वेळ नव्हता. जनावर त्याच्यापर्यंत आणावे लागे. म्हणून हाकारा. पन्नास-शंभर गोंड, कोरकू, भिल्ल किंवा ठाकूर माणसे नाल्याच्या एका टोकाला अर्धवर्तुळात उभी करायची, ढोल-ताशे, टिपऱ्या, आरडाओरडा करत रान झोडायचे. दोन्ही बाजूंच्या झाडांवर पोरे चढवून ठेवायची. जनावर वाट सोडून बाजूला सरकू लागले की त्यांनी खोडावर काठी हलकेच आपटायची, की ते पुन्हा मधल्या वाटेला लागे. वाटेच्या तोंडाशी मचाण.

हे मचाण बांधणारे हात साहेबाचे नसत, आणि त्या हातांचे ज्ञान शिकारीच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकले जाते. खिळा वापरायचा नाही, खिळा कुरकुरतो. दोरीने किंवा रानातल्या वेलाने आवळायचे, आणि लाकूड लाकडावर घासेल तिथे चिंधी किंवा गवत घालायचे. पुष्कळदा गावातली बाजच उचलून फांद्यांच्या बेचक्यात बांधत. विणलेल्या दोरीवर कूस बदलली तरी आवाज येत नाही. उंची दोन पुरुष, कधी अडीच. आडोशाला त्याच झाडाच्या फांद्या लावायच्या. मोहाच्या झाडावर सागाचे पान दिसले तर सांबर थबकते. तोडलेल्या फांद्यांची ताजी खूण खाली राहू द्यायची नाही. वारा पाण्याकडून मचाणाकडे यायला हवा. हरीण सहसा वर बघत नाही आणि माणसाचा वास थोडा डोक्यावरून निघून जातो, या दोन गोष्टींवर मचाणाची सगळी मदार. अनुभवी सांबराची मादी मात्र वर बघते. जातकातल्या हरणाचे ज्ञान ती पिढ्यान्‌पिढ्या विसरलेली नाही.

याच साहेबांतल्या काहींना मचाण कमीपणाचे वाटे. जमिनीवरून माग काढत जाणे म्हणजे मर्दानी शिकार, झाडावर बसणे म्हणजे खाटीकखाना, असा त्यांचा सूर. पण जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या 1926 च्या मे महिन्यात गुलाबराईच्या आंब्यावरच्या मचाणातूनच मारला, तेव्हापासून वाचकाच्या मनात मचाण म्हणजे पराक्रमाची जागा होऊन बसली. हाकाऱ्यात जखमी झालेल्या माणसांची नावे त्या मानाने कुणाला माहीत नाहीत.

हंगामाचा शेवट हा मचाणाचा खरा काळ. पावसाळ्यात रान बंद, दिवाळीनंतर उघडे, पण थंडीत गवत उंच असते आणि पाणी जागोजागी, त्यामुळे जनावर पांगलेले. फाल्गुन-चैत्रात पानगळ होते, वणवे गवत खातात, नाले आटतात, मोह टपटपू लागतो. रात्री मोहाखाली चितळ, सांबर, भेकर, अस्वल सगळेच येतात. अशा वेळी मोहावर किंवा पाणवठ्यावर बसायचे. पश्चिमेतही हेच गणित आहे, ऋतू तेवढे उलटे. अमेरिकेत शेपटी पांढरी असलेल्या हरणासाठी लोक झाडाला टांगलेल्या आसनावर बसतात. माजाचे दिवस संपले, बर्फ पडले, चारा एक-दोन जागी उरला की हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत बाप-लेक, मामा-भाचे, जुने दोस्त तिथे जमतात. तिकडे ते परवान्याने, ठरलेल्या संख्येने आणि कायद्याने चालते. जर्मनीत तर शेताच्या कडेला लाकडी मनोरे कायमचेच उभे असतात.

आपल्याकडेही शिकार एकट्याची नव्हती. कोकणात शिमग्याच्या दिवसांत गावाने मिळून पारधीला जायची चाल होती. ठासणीच्या बंदुका दोन-तीन घरांत, कुत्रे वाडीचे, हाकारे सगळे. भेकर किंवा डुक्कर पडले की मांसाचे वाटे घातले जात आणि बंदूक कुणाची, बार कुणाचा, कुत्रे कुणाचे यावरून रात्रभर वादही होत. देशावर आणि विदर्भात डॉक्टर, वकील, मालगुजार, फौजदार यांचे कंपू असत. रानाचा ब्लॉक वनखात्याकडून परवान्यावर घ्यायचा, विश्रामगृह मिळवायचे, आचारी आणि धाकटे भाऊ बरोबर. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जिपा बाजारात आल्या आणि या कंपूंचा कस संपला. गाडीत बसून, प्रखर दिवा डोळ्यांवर मारून, गोंधळून उभे राहिलेले चितळ मारायला ना पाऊल ओळखावे लागते ना वारा. मचाणावर रात्र काढून जेवढे मिळे त्याच्या कितीतरी पट जनावर एका फेरीत पडू लागले. महाराष्ट्रातली हरणे मचाणाने संपवली नाहीत, जिपेने संपवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा उशिरा पण आला. 1912 च्या कायद्याने बंदी हंगामाची सोय केली होती. ताडोबात 1935 पासूनच शिकार बंद झाली आणि 1955 साली ते राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. 1951 साली मुंबई राज्याने स्वतःचा कायदा केला. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याने शिकार करायची उरलीसुरली वाटही बंद झाली. माणसेही बदलत होती. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकाऱ्यांच्या टिपणांना मोठी जागा असे, आणि त्याच टिपणांतून पुढे जनावरांचा अभ्यास उभा राहिला. व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन हिंडले. पुढे नागझिऱ्याला जाऊन राहिले ते बघायला आणि लिहायला.

बंदूक उतरली तरी मचाण राहिले. वनखात्याला जनावरे मोजायची होती. कडक उन्हाळ्यात प्रत्येक जनावर दिवसातून एकदा तरी पाण्यावर येते, असे गृहीत धरून पाणवठ्याशेजारी मचाणे बांधली आणि वर कागद-पेन्सिल घेतलेली माणसे बसवली. रात्र निवडली वैशाख पौर्णिमेची, कारण विजेरी न लावता दिसायला हवे. म्हणजे बुद्धपौर्णिमा. बोधिसत्त्वाला मारायला ज्या मचाणावर देवदत्त चढला, त्याच मचाणावर बुद्धाच्या जन्मदिवशी महाराष्ट्र हरणे मोजायला चढू लागला. कुणी ठरवून केले नसेल, चांदण्यामुळे झाले. बोरिवली, येऊर, तुंगारेश्वरपासून मेळघाट-ताडोबापर्यंत ही रात्र स्वयंसेवकांनी जागवली आहे.

मोजणी म्हणून ती कच्चीच. एकच सांबर संध्याकाळी आणि पहाटे आले तर दोन धरले जाते, आणि जे आलेच नाही ते नाहीच. 2006 पासून वाघांचा अंदाज स्वयंचलित कॅमेरे आणि ठरीव वाटांवरच्या नोंदींतून काढला जातो. म्हणून आता या रात्रीला गणना न म्हणता 'निसर्गानुभव' म्हणतात. आगाऊ नोंदणी करायची, काही ठिकाणी काही हजार रुपये भरायचे, मित्र किंवा घरचे माणूस आणि एक वाटाड्या अशी जोडी-तिकडी दुपारी वर चढते आणि सकाळी उतरते. अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलायचे नाही, मध्येच उतरायचे नाही. नियम सगळे जुन्या शिकाऱ्याचेच. काही गमावले असेल तर ते मांसाचे वाटे. मला यात थट्टेसारखे काही वाटत नाही. शहरातल्या माणसाने वर्षातून एक रात्र गप्प बसणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र या कुळातला थोरला भाऊ अजून तिथेच बसून आहे. ताडोबा, पेंच, नागझिऱ्याच्या भोवतीच्या गावांत तूर, हरभरा, धान उभे असते तेव्हा शेतकरी रात्र माळ्यावर काढतो. चितळांचा कळप एका रात्रीत हरभरा फस्त करतो, डुकरे त्याहून वाईट. नुकसानभरपाई आहे, पण पंचनामा, कागद आणि वाट बघणे हे सगळे शेतकऱ्याच्या अंगावर. डुक्कर आणि रोही परवानगीने मारायची तरतूद आहे, तिचाही रस्ता कचेरीतूनच जातो. चितळाला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. मग उरते ते जागणे. शेतातून घरी उठून यायचे तर वाटेत वाघ किंवा बिबट्या भेटण्याची भीती. त्याच्या माळ्याला नोंदणी नाही आणि त्याची रात्र पौर्णिमेपुरती नाही.

तेव्हा येत्या वैशाखात मचाणावर जागा मिळाली नाही तर हिरमुसू नका. मार्गशीर्ष-पौषात, हरभरा घाट्यावर आला असेल तेव्हा, घरच्यांना आणि मित्रांना घेऊन जंगलाकडेच्या एखाद्या गावी जा, ओळख काढा, आणि शेतकऱ्याने हो म्हटले तर रात्रभर त्याच्याबरोबर राखणीला बसा. हरणे नक्की दिसतील. पांघरूण मात्र आपले आपण न्या. त्याच्याकडे एकच असते.